पिनेत न बसलेली चार पानं

४ जानेवारी

प्रिय ठमे,

पत्रास कारण काहीही नाही. कारण असतं तर फोन केला असता, आणि तू तो उचलला नसतास. बिनकारणाचं पत्र निदान फाडण्याआधी वाचलं जातं, असा माझा अनुभव आहे.

तुझं कार्ड मिळालं. ‘पंत कसा आहे तेवढंच कळव. शाळेचं एक अक्षर नको.’ आयुष्यभर पोरांना सूत्रं घोकायला लावली, पण इतकं आटोपशीर सूत्र मला कधी रचता आलं नाही. तुला ते रागाच्या भरात सहज जमतं. फक्त एक अडचण आहे. माझा मुलगा अर्धा दिवस शाळेत असतो, तोही तू स्वतः उभ्या केलेल्या वर्गात. त्याचं लिहायचं आणि शाळेचं नाही, म्हणजे माशाची खुशाली कळवायची आणि पाण्याचा उल्लेख टाळायचा.

तरी प्रयत्न करतो. पंत बरा आहे. चौदावं लागल्यापासून ओठावर रेघ उमटली आहे. तो ती आरशासमोर बोटाने पुसून बघतो आणि जात नाही म्हणून तुझ्या वहिनीकडे तक्रार करतो. बोलतो पूर्वीइतकंच कमी, पण आता पूर्ण वाक्यात. परवा आलेल्या पाहुण्यांना म्हणाला, “तुम्ही आता तुमच्या घरी जा.” कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. मला अभिमान वाटला. पाहुण्यांना वाटला नाही.

वर्गातल्या नव्या बाई बऱ्या आहेत. तू घालून दिलेलं त्यांनी काही मोडलेलं नाही. तास संपला की घंटेऐवजी अजून भिंतीवरचा दिवाच लागतो. नऊच्या नऊ मुलं येतात. हे शाळेचं झालं, कळतंय मला. खोडत नाही, शाई वाया जाते.

कागद मात्र शाळेत मोडत नाही, अशी व्याख्या मी माझ्यापुरती करून घेतली आहे, कारण मला एका समितीवर नेमलंय. पुढच्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेचा कागद आणि छपाई ठरवणारी समिती. सदस्य तीन. मुख्याध्यापिका, म्हणजे ज्यांनी देणगीदारांसमोर तुझ्या मुलांना गाणं म्हणायला उभं करायला सांगितलं आणि ज्यांच्या टेबलावर तू राजीनामा आपटलास, त्या. दुसरे संस्थेचे कार्यवाह. तिसरा मी. “शुद्धलेखनाला एक माणूस असू द्या,” असं कार्यवाह म्हणाल्याचं कळलं. लग्नात नारळ धरायला एक म्हातारा लागतो, तसा.

काल छापखान्याचे मालक बॅग घेऊन आले. त्यांनी टेबलावर कागदांचे नमुने पत्त्यांसारखे पसरले. “सर, डोळ्यांनी बघू नका. हात लावा. पुस्तिका पालकाच्या हातात पडली की पहिल्या दोन सेकंदांत त्याचं मत होतं. मजकूर कोण वाचतंय?”

मी म्हटलं, “मी लिहितोय तो.”

“तुमचं वेगळं हो, सर.”

कार्यवाहांना सोनेरी काहीतरी हवं होतं. मालक लगेच म्हणाले, “सोनेरी फॉइल मारू. नावाला उठाव देऊ, अक्षर कागदातून वर येतं. आंधळ्याच्या हातात दिली तरी कळेल कुठली शाळा.”

“आंधळ्यांना आपण प्रवेश देत नाही,” कार्यवाह गंभीरपणे म्हणाले.

कुणी हसलं नाही. मीही नाही, म्हणजे मी आता त्या समितीत मुरलो आहे.

पंताने तुला काही सांगायचंय का विचारलं. म्हणाला, “आत्या कुठे आहे?” ‘दूर आहे’ म्हटलं. “किती दूर?” म्हटलं, “एका पत्राएवढी.” हे त्याला पटलेलं नाही.

तुझा,
दादा


१७ जानेवारी

प्रिय ठमे,

उत्तर नाही, म्हणजे मागचं पत्र तू वाचलंस. न वाचता परत पाठवणं तुझ्या स्वभावात आहे, वाचून गप्प राहणं हे नवीन दिसतंय.

आजचं पत्र संपूर्ण पंताबद्दल आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

कागदावर समितीचं एकमत होईना. कार्यवाहांना काचेसारखा गुळगुळीत हवा, मुख्याध्यापिकांना ‘भारदस्त’ हवा. भारदस्त हे विशेषण कागदाला लावलेलं मी प्रथमच ऐकलं. शेवटी त्या म्हणाल्या, “सर, नमुने घरी न्या. शांतपणे ठरवा. तुमचा शब्द अखेरचा.” नोकरीत इतकी वर्षं काढली, माझा शब्द कधी अखेरचा नव्हता. हुरळलो. सांगायला लाज वाटत नाही. वाटते, पण थोडी.

घरी नमुन्यांची चळत टेबलावर ठेवली आणि चहा घ्यायला गेलो. परत येतो तर पंत खुर्चीवर बसून एकेक तुकडा उचलून गालाला लावतोय. गुळगुळीत चकचकीत तुकड्यांना त्याने बोटाच्या टोकाने ढकलून दिलं, ताटातली नावडती भाजी ढकलतो तसं. एक मात्र ठेवला. जाड, किंचित खरबरीत, दुधाळ रंगाचा. तो गालाला लावून डोळे मिटून बसला. मी समोर बसलो तरी त्याने डोळे उघडले नाहीत.

तुझी वहिनी दारात येऊन बघत राहिली. “असा शांत तो डॉक्टरांच्या गोळीनेही बसत नाही,” ती म्हणाली.

मी विचारलं, “हा आवडला?”

“हा,” पंत म्हणाला. मग दुसऱ्या हाताने माझा गाल धरला आणि तुकडा माझ्या गालाला लावला. त्याने आपणहून मला हात लावला, ठमे. चार वर्षांत नाही लावला. तू मोजायचीस म्हणून लिहितो.

अशा वेळी माणसाने कुठला कागद निवडायचा? सोमवारी जाऊन सांगितलं, हाच. मालकांचा चेहरा फुलला. “सर, नजर आहे तुमची! सगळ्यात जाड आहे हा आपल्याकडचा.” मुख्याध्यापिकांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, “भारदस्त.” कार्यवाहांना समजूत म्हणून वर सोनेरी फॉइल मिळालं. माझ्या मुलाने शाळेचा कागद निवडला, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही. तुला सांगतोय.

कागदाचा तुकडा पंताच्या उशीखाली आहे.

दादा


२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझ्या कार्डावरची एक ओळ, ‘तुकडा त्याच्याकडून काढून घेऊ नका’, वाचून तुझी वहिनी दिवसभर खुशीत होती. तुकडा आहे. कडा मऊ झाल्या आहेत. दुसरा आणून ठेवलाय, तो चालत नाही.

आज विशेष काही नाही, छपाईची थोडी गंमत तेवढी आहे. मालक पुस्तिकेचा कोरा नमुना घेऊन आले. काहीही न छापलेली, निवडलेल्या कागदाची, खऱ्या आकाराची बत्तीस पानांची पुस्तिका. कार्यवाह ती हातात घेऊन इतके खूश झाले की त्यांनी प्रत्येक कोरं पान उलटून पाहिलं. “सुंदर! अगदी मनासारखी!” म्हणाले. माझा मजकूर छापून आल्यावर ते इतके खूश होतील असं वाटत नाही.

मग त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ती मिटेना. तोंड वासून बसली. दाबली की मिटायची, हात काढला की पुन्हा आ.

“असं होतं,” मालक म्हणाले. “मधोमध दोन पिना मारायच्या म्हटलं तर एवढ्या जाड कागदाची बत्तीस पानं त्या पिनेत बसत नाहीत. डिंकाने चिकटवू शकतो, पाठीला कणा करून. पण मग पुस्तिका सपाट उघडत नाही. मधल्या जोडपानावर तुमचं चित्र आहे ना?”

मधल्या जोडपानावर पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे. तलाव अजून बांधून व्हायचाय, चित्र संगणकावर काढून घेतलंय. पुस्तिका मॅट राहणार आणि फक्त तलावाच्या पाण्यावर चकाकी मारणार, म्हणजे पान हलवलं की पाणी चमकेल. खऱ्या तलावात एवढं पाणी येईल की नाही ते देवाला माहीत. डिंकाचा कणा केला तर चित्रातला उडी मारणारा मुलगा मधोमध दुमडीत जातो. कमरेपर्यंत एका पानावर, पाय दुसऱ्यावर.

“तलाव हलणार नाही,” मुख्याध्यापिका म्हणाल्या.

“मग पानं कमी करा. अठ्ठावीस केली की पिनेत बसतील. पण काढायची तर चारच. ताव दुमडला की त्याची चार होतात. तीन काढता येत नाहीत, पाच काढता येत नाहीत.”

तर चार पानं काढली. माझं संस्कृतचं पान पहिलंच गेलं. मी ते स्वतः पुढे केलं, त्यागाची हौस म्हणून. माजी विद्यार्थ्यांचं गेलं, बागेचं आणि छंदांचं गेलं. किरकोळ पानं होती. पुस्तिका आता शहाण्या मुलासारखी तोंड मिटून बसते.

पंताला थोडी सर्दी आहे.

दादा


५ फेब्रुवारी

ठमे,

परवाच्या पत्रात चार पानं गेली असं लिहिलं आणि तीन सांगितली. तुझ्या लक्षात आलंच असेल, तू लहानपणीही माझ्या मुठीतले चिंचोके मोजायचीस. चौथं सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे ठेवलं.

चौथं पान विशेष वर्गाचं होतं. तुझ्या.

ते कुणी मुद्दाम काढलं असं मी म्हणू शकत नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, भांडायला तोंड मिळालं असतं. तीन पानं काढून झाली होती आणि चारचा हिशेब पुरा करायला एक हवं होतं. उरलेल्यांत अध्यक्षांचा संदेश, फीचं पान, बसच्या मार्गांचं पान. मुख्याध्यापिका पानं उलटत गेल्या आणि तिथे थांबल्या. म्हणाल्या, “या वर्गाची गरज ज्यांना असते ते विचारत विचारत येतातच. त्यांना जाहिरात कशाला लागते?” शांतपणे, वाईट हेतू न ठेवता. वाईट हेतू असता तर मला तो पकडता आला असता.

मी म्हटलं, “कागद बदलू. पातळ घेऊ. बत्तीसच्या बत्तीस बसतील.”

मालक म्हणाले, “सर, कागद येऊन कापूनसुद्धा झाला.”

आणि कार्यवाहांनी आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. “पण सर, निवड तुमचीच ना?”

आपल्याकडे काकतालीय न्याय आहे. कावळा बसायला आणि फळ पडायला. वर्गात शिकवताना मी नेहमी फळाच्या बाजूने बोलायचो. फळ कुणाच्या डोक्यावर पडलं हे कुठल्याच टीकाकाराने विचारलेलं नाही.

पंताने गालाला लावून निवडलेला कागद इतका जाड निघाला की त्यात त्याचाच वर्ग मावला नाही. हे मी तुझ्या वहिनीला अजून सांगितलेलं नाही. पंताला सांगायचा प्रश्न नाही, तो त्या तुकड्यावर झोपतो.

दादा


११ मार्च

प्रिय ठमे,

तुझं कार्ड: ‘पान जात होतं तेव्हा तू कुठे होतास?’

खुर्चीत.

दुसरं उत्तर शोधून पाहिलं, मिळालं नाही. तू असतीस तर उठली असतीस, हे मान्य. उठून काय झालं असतं तेही दोघांना माहीत आहे, एकदा झालंच आहे. तू गेलीस. मी जाऊ शकत नव्हतो, कारण त्या वर्गात माझा मुलगा बसतो. आपण या एका वाक्याच्या दोन टोकांना उभे आहोत. पुढे बोललो की तू चिडतेस, म्हणून इथेच थांबतो.

पुस्तिका छापून आल्या. फार सुंदर आहेत. टोमणा मारत नाही. सोनेरी नाव बोटाला लागतं, पाणी चमकतं. तुझ्या वहिनीने हातात घेतली, चाळली, पुन्हा पहिल्यापासून चाळली.

“वर्ग कुठाय?”

सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “संस्कृत शिकलात, न्याय शिकलात, मीमांसा शिकलात. चार पानं काढायची म्हटल्यावर आपलं कुठलं जाईल एवढं नाही सुचलं?”

“नाही सुचलं.”

“माझ्या आईला सुचलं असतं. ती चौथीपर्यंत शिकली होती.”

सासूबाई वारल्या त्याला दहा वर्षं झाली, अजून मला हरवतात.

पण तीच दुसऱ्या दिवशी म्हणाली, सुटं पान घाला. म्हणून छापखान्यात गेलो. मालक माणूस म्हणून वाईट नाहीत, उरलेल्या त्याच कागदावर त्यांनी एक छोटं पान छापून दिलं: विशेष वर्ग, तळमजला, नऊ मुलं, कोणाला उपयोगी, कोणाला भेटायचं. मजकूर तुझ्या जुन्या पानावरचाच ठेवला. एकही शब्द बदलला नाही, विशेषणं तीन जास्त असूनही. आम्ही दोघांनी रविवारभर शाळेच्या कचेरीत बसून ती पानं पुस्तिकांमध्ये घातली. पंत सोबत होता. त्याने मदत केली नाही, पण प्रत्येक पुस्तिका गालाला लावून मगच पुढे दिली.

बुधवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. “सर, एवढं करून फिनिश आणलं आणि पुस्तिका उघडली की त्यातून चिठोरं खाली पडतं. पालक वाकून उचलतात. बरं दिसतं का?”

मी म्हटलं, “वाकले की वाचतात.”

“मला तुमची भावना कळते.”

ठमे, माणसाला भावना कळल्या की समजावं, काम संपलं.

सगळी पानं त्यांनी काढून घ्यायला लावली. फेकली नाहीत, चांगला कागद आहे. प्रवेशाच्या खिडकीवर त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रांगेचे क्रमांक लिहून देतात.

दादा


३० मार्च

प्रिय ठमे,

आज एक बाई आल्या होत्या. रांगेत क्रमांकाचा कागद हातात आणि सोबत सहा-सात वर्षांची मुलगी, दोन्ही कानांवर हात गच्च. मी जिन्यावरून उतरत होतो. बाईंनी सहज कागद उलटला आणि तिथेच थांबून वाचायला लागल्या. ओठ हलत होते. रांग पुढे सरकली, त्या हलल्या नाहीत. मागचा माणूस म्हणाला, “अहो, चला ना.” मग त्या खिडकीशी गेल्या आणि कागद उलटा धरून विचारलं, “हा वर्ग कुठे आहे?”

खिडकीतल्या लिपिकाने पाहिलं. “ते जुनं आहे. पुस्तिकेत बघा. पुस्तिकेत नाही म्हणजे नाही.”

मी धावलो. या वयात आणि या धोतरात, म्हणजे काय दिसलं असेल बघ. त्यांना म्हटलं, वर्ग आहे, चालू आहे, चला दाखवतो. नेऊन दाखवला. मुलगी दारात आली आणि तिने एका कानावरचा हात काढला. नव्या बाईंनी तिच्याकडे न बघता तिच्यासमोर मणी ठेवले, तू करायचीस तसंच. मुलीच्या आईने माझा हात दोन्ही हातांत धरला. “आम्ही तिसरी शाळा बघतोय हो.”

मग मी त्यांना मुख्याध्यापिकांकडे नेलं. मुख्याध्यापिकांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, मुलीच्या फ्रॉकचं कौतुक केलं. “पण यंदा त्या वर्गाचे प्रवेश आम्ही जाहीर केलेले नाहीत. जे छापलेलं नाही ते मी एकीला दिलं तर उद्या दहा जण विचारतील. सर, तुम्हीच सांगा.”

मी सांगितलं. बरंच सांगितलं. आवाज चढला असावा, कारण मुलीने दोन्ही हात पुन्हा कानांवर नेले.

त्या बाई गेल्या. क्रमांकाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, फेकला नाही. का ठेवला असेल?

पंताची सर्दी गेली.

दादा


२८ एप्रिल

प्रिय ठमे,

संस्थेची सभा झाली. विशेष वर्गासाठी नवा अर्ज एकही नाही, यावरून गरज उरलेली नाही असं ठरलं. हा अनुमानाचा प्रकार मी पंचवीस वर्षं ‘दुष्ट हेतू’, म्हणजे न्यायशास्त्रातलं फसवं कारण, म्हणून मुलांना शिकवतो. परीक्षेत चुकवला तर मार्क कापतो. सभेत एकमताने पास झाला.

मी बोललो. अर्ज कुठून येतील, पुस्तिकेत पान नाही, आलेल्यांना परत पाठवलं, वगैरे. कार्यवाह म्हणाले, “सर, तुमचं दुःख वैयक्तिक आहे, आम्ही समजू शकतो.” वैयक्तिक म्हटलं की युक्तिवाद खाली बसतो. मीही खाली बसलो.

असलेल्या नऊ जणांना ‘मोठ्या वर्गांत सामावून घेणार’. पंताला एक दिवस बसवून पाहिलं. चाळीस मुलं, तीन पंखे, पहिल्या घंटेला तो बाकाखाली गेला. दुसऱ्या घंटेला मला बोलावलं. तिसरी वाजायच्या आत मी त्याला बाहेर काढलं. मुलं हसली नाहीत, हे सांगायला हवं. एक मुलगा तर वाकून त्याच्याशेजारी खाली जाऊन बसला होता. त्या मुलालाही शिक्षा झाली.

तुझ्याकडे पाठवावं असं तुझी वहिनी म्हणते. तुझ्या तिथल्या केंद्रात घेतील का, विचारून बघ. मी मागतोय. भांडण नंतर पुरं करू.

दादा


२० मे

प्रिय ठमे,

तुझं पत्र, कार्ड नव्हे, पत्र, मिळालं. बारा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतात, नियम आहे, तू संचालकांशी भांडलीस. भांडलीस हे लिहिण्याची गरज नव्हती. बारा हा आकडा त्यांच्या पुस्तिकेत छापलेला असणार.

आणि काल तू फोन केलास. दीड वर्षाने तुझा आवाज आला आणि तू रडत होतीस. मी तुला कागदाच्या जाडीबद्दल काहीतरी सांगत राहिलो. दुसरं काय सांगायचं होतं? तू ‘दादा’ म्हणालीस तेव्हा मी ‘हं’ म्हटलं. तेवढंच काय ते बोलणं झालं असं समज.

आणखी तीन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी वय, एका ठिकाणी अंतर. एका ठिकाणी फार चांगली माणसं होती आणि जागा नव्हती. चांगल्या माणसांकडे जागा नसते, हा नियम करावा की अपवाद, ठरवतोय.

दादा


१४ जून

प्रिय ठमे,

आज वर्गाची खोली रिकामी केली. तिथे कार्यवाहांची स्वागतकक्षाची योजना आहे. पालकांना बसायला सोफे आणि पुस्तिका.

पंत घरी एकटा राहत नाही आणि तुझ्या वहिनीची रजा संपली, म्हणून त्याला सोबत नेलं होतं. माझा तास सुरू झाला तेव्हा त्याला नव्या बाईंजवळ बसवलं. बाईंचा शेवटचा दिवस, त्या कपाट आवरत होत्या. मला वरच्या मजल्याच्या खिडकीतून अंगण दिसतं. मी फळ्यावर रूपं लिहीत होतो, मागे वळलो तर खाली पंत.

खुर्च्या नेत होता. शिपाई एकेक उचलत होते, तर पंत एकावर एक तीन ठेवून पोटाशी धरून चालला होता. काठ जुळवून, अगदी सरळ. कोठारात ठेवायचा, परत यायचा. मग छोटी टेबलं. मग मणी ठेवायची लाकडी पेटी दोन्ही हातांनी, भरलेलं भांडं न्यावं तशी. मुख्याध्यापिका व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, “अरे वा! शाबास! किती कामाचा मुलगा आहे!” शिपायांनी टाळ्या वाजवल्या. पंताला टाळ्या आवडत नाहीत, पण आज चालल्या. हसला. मला ते वरूनसुद्धा दिसलं, दात दिसेपर्यंत हसला. मग भिंतीवरचा दिवा काढायला कुणीतरी स्टूल आणलं, तर ते याने धरून ठेवलं.

माझ्या वर्गातली मुलं थांबली होती. एक मुलगी म्हणाली, “सर, पुढचं रूप?” मला आठवेना. जे रूप झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतो ते. म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी सांगितलं. चुकीचं होतं. मी लिहिलं.

तास संपल्यावर खाली गेलो. खोली धुतलेली होती, फरशी ओली, दार सताड. पंत घामाघूम होऊन पायरीवर बसला होता, तळहात लाल झालेले. मी शेजारी बसलो. रुमाल दिला, त्याने घडी मोडली नाही, तसाच धरून बसला. 

मग त्याने विचारलं, “उद्या कुठल्या खोलीत?”

ठमे, मी शिक्षक आहे. उत्तर न येणाऱ्या प्रश्नाला माझ्याकडे ‘उद्या सांगतो’ हे उत्तर असतं. इथे तेही चालत नव्हतं, कारण विचारलं होतं तेच उद्याबद्दल.

मी म्हटलं, “उद्या रविवार आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. तो कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही, तुला माहीत आहे. आज पाहिलं. रागावून नाही. गणित चुकलेल्या मुलाकडे तू पाहायचीस, तसं, हळूच, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

“नाही, बाबा,” तो म्हणाला. “उद्या गुरुवार आहे.”

उद्या गुरुवारच आहे.

दादा